पाण्याच्या दिवशी पाहिलेली घरं

रस्ता

विजापूर रोडवरून आत वळलं की एक डांबरी रस्ता लागतो. डाव्या हाताला शिवगंगा नगर, उजव्या हाताला मालती विहार. रस्ता एवढा अरुंद, की एका बाजूच्या कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्या बाजूची बाई मोजते. दोन्हीकडे एकेक घर विकायला आहे. किंमत जवळपास सारखी, खोल्या तेवढ्याच.

सिद्धूला एकच घ्यायचं आहे.

निंगव्वा, सिद्धूची आई

अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातली. गावात ती बोलायला लागली की शेजारचं भांडण थांबायचं, ऐकण्यासाठी. हे सगळं कन्नडमध्ये. मराठी तिची बाजारापुरती: केवढ्याला, कमी करा की, नको.

सिद्धूचे वडील गेले आणि तो तिला सोलापुरात घेऊन आला. भाड्याच्या दोन खोल्या, दुसरा मजला. सिद्धू दिवसभर चिंचोळीच्या कारखान्यात. घरात निंगव्वा आणि सून महेश्वरी. महेश्वरी वैरागची, घराणं लिंगायतच, पण माहेरी कन्नड कुणालाच येत नाही. दोघी एकमेकींना भाकरी वाढतात. हसतात. मग गप्प बसतात.

वर्षभरात निंगव्वाचं बोलणं आटत गेलं. आता सिद्धूनं कन्नडमध्ये काही विचारलं तरी ती नुसतं “हं” म्हणते.

त्या “हं”ची त्याला भीती वाटते. घर घ्यायचं ते त्यासाठी. बाकी सगळं, कर्ज, पार्किंग, वास्तू, नंतरचं.

शहाजी, सिद्धूच्याच मशीनवरचा

“रविवारी जाऊन येतो म्हणतोयस? येडा का काय! पाण्याच्या दिवशी जा.”

“का?”

“सोलापुरात घर तसंच बघत्यात. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं की सगळी कॉलनी भाईर. कोण मोटार लावतंय, कोण कुणाला पाईप देतंय, कोण शिव्या देतंय, समदं एका तासात कळतंय. एरवी काय, दारं बंद अन् टीव्ही चालू.”

“दोन्हीकडं एकाच दिवशी येत असंल की.”

“न्हाय न्हाय. व्हॉल्व वेगळं हायती. आज डावीकडं आलं तर उजवीकडं दोन-तीन दिवसांनी. दोन चकरा मार. अन् आईला ने.”

डावीकडे

सकाळी सात. शिवगंगा नगर.

कुणीतरी ओरडलं, “नीर बंतु!” पाणी आलं. दारं उघडली. पिंपं, बादल्या, हंडे, एक लहान मूल, तेही बादलीत. आणि सगळीकडून कन्नड.

ओट्यावर पाईप धरून बसलेल्या एका म्हातारीनं निंगव्वाला विचारलं, कुठल्या गावची. निंगव्वानं सांगितलं. म्हातारीनं पाईप तसाच सोडून दिला. तिची मोठी बहीण त्याच गावात दिली होती.

तिचं नाव रत्नम्मा. पुढचा तासभर निंगव्वा थांबली नाही. बहिणीचं घर, तिथली विहीर, तिथला एक देवळात झोपणारा पुजारी, पुजाऱ्याची बायको त्याला कशी शोधत यायची. पुजारी झोपेतून कसा उठायचा ते तिनं उठून करून दाखवलं. चार बायका पाणी सोडून गोळा झाल्या आणि पोट धरून हसल्या.

महेश्वरी फाटकापाशी होती. रत्नम्माचं पिंप भरून वाहू नये म्हणून तिनं सुटलेला पाईप हातात धरला होता. बायका हसल्या की तीही हसत होती. जराशी उशिरा.

रिक्षात ती सिद्धूला म्हणाली, “अहो, हेच घ्या.”

“आणि तुझं शिवणकाम? इथं गिऱ्हाईक मिळेल का, बघितलं नाही आपण.”

“मशीन कुठंही चालतं. आत्याबाईंना असं बोलताना मी पहिल्यांदा बघितलं.”

निंगव्वा कडेला बसली होती. तिनं दोघांकडे पाहिलं.

उजवीकडे

खरं तर जायची गरज नव्हती. ठरल्यातच जमा होतं. पण दलालाला शब्द दिला होता, म्हणून.

दोन दिवसांनी, मालती विहारच्या पाण्याला. इथं पाण्याच्या मोटारी जास्त, आरडाओरडा कमी. निंगव्वा रिकाम्या घराच्या पायरीवर बसली. शेजारच्या वच्छलाबाई हातातली बादली खाली ठेवून महेश्वरीच्या पाठीकडे बघत राहिल्या.

“ब्लाऊज कुठं शिवलात हो?”

“मीच शिवलाय.”

“अगं बया! गळा बघा की कसला बसलाय! आमची शिवणारी बार्शीला गेली, तवापासनं आमी समदे ढगळ फिरतोय. तुमी कुठल्या?”

“वैरागची.”

“व्हय? माझं आजोळ वैराग!”

मग महेश्वरी बोलायला लागली. बाजारपेठेतलं वडलांचं दुकान, एसटी स्टँडसमोरचा भजीवाला, शाळेतल्या एक बाई. भरभर, हात हलवत, मधूनच “लई” म्हणत. लग्नापासून सिद्धूनं हा आवाज ऐकला नव्हता. असा आवाज तिच्याकडे आहे, हेच त्याला माहीत नव्हतं.

त्यानं पायरीकडे पाहिलं. आई नव्हती.

ती रस्त्यापलीकडून येत होती. पदर सावरत, घाईनं.

घरी

सिद्धू म्हणाला, “डावीकडचं घेऊ या.”

महेश्वरी म्हणाली, “हो.”

निंगव्वा म्हणाली, “ब्याड.” नको.

“अव्वा, उजवीकडं तुझ्याशी कोण बोलणार?”

निंगव्वा कन्नडमध्ये बोलली, एका दमात. महेश्वरीनं नवऱ्याकडे बघितलं. “काय म्हणतात?”

सिद्धूनं मराठीत सांगितलं. “म्हणते, त्या दिवशी आम्ही हसत होतो आणि तू फाटकाशी उभी राहून हसत होतीस. तुला काही कळत नव्हतं. म्हणते, वर्षभर मी हेच केलंय. न कळता हसलं की गाल किती दुखतात ते मला माहीत आहे. तुला हे नको.”

महेश्वरीनं गॅस बारीक केला. मग वळून म्हणाली, “त्यांना सांगा, मी शिकेन कन्नड. आणि गाल माझे आहेत.”

सिद्धूनं तोंड उघडायच्या आत निंगव्वाच मराठीत म्हणाली, “शिक की. कोन नको म्हनतंय? पन घर तिकडलं.”

“आत्याबाई, तुम्ही परत गप्प बसाल.”

“न्हाय बसत.”

“कशावरून?”

निंगव्वानं पदर खोचला. मराठी पुरेना, तेव्हा मधेमधे कन्नड घालत ती सांगू लागली; कन्नड तेवढं सिद्धू मराठीत सांगत गेला. “रत्नम्माकडं जाऊन आले मी. तिच्याकडं पानी येतंय तवा आपल्याकडं न्हाय. आपल्याकडं येतंय तवा तिच्याकडं न्हाय. तिची टाकी ल्हान, घरात मान्सं लई. म्हनलं, आमच्या पान्याला घागर घिऊन ये. तुमच्या पान्याला मी येते. ती व्हय म्हनली. तिची जाऊ बी येनार हाय.”

“अव्वा! घर अजून घेतलेलं नाही.”

“मग घे की. मी शब्द दिलाय.”

महेश्वरी खाली बसली. सासूचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो ती दाबत राहिली. निंगव्वानंही सोडवून घेतला नाही.

“पण एवढ्या बायका येणार,” महेश्वरी म्हणाली, “तर पिंप फाटकाजवळ ठेवावं लागेल.”

“फाटकापाशी नगं. ऊन. आत, जिन्याखाली.”

“जिन्याखाली माझं मशीन बसणार आहे!”

“मशीन खिडकीपाशी ठिव.”

सिद्धूनं दलालाला फोन लावला आणि मालती विहारचं घर घेतो म्हणून सांगितलं. पलीकडून दलाल दोनदा “हॅलो, हॅलो” म्हणाला.

“सिद्धूभाऊ, काय ऐकू येईना. घरात भांडण चाललंय का?”

“नाही हो,” सिद्धू म्हणाला. “पिंप कुठं ठेवायचं ते ठरतंय.”