भिंतीवरचे बुलबुल

मित्रांनो, दिल्लीच्या करोल बागेत दुसऱ्या मजल्यावर राहणारी मी एक जुनी भिंत. ठेकेदाराच्या घाईत जन्मले, म्हणून जराशी वाकडी आहे. पण दिवाणखान्याची आहे बरं का! खिळे सोसले, ओल सोसली, कूलरचे शिंतोडेही सोसले. कौतुक मात्र कधी कुणी केलं नाही.

मग घरच्या सुमित्राताईंच्या मुलाचा, वेदांतचा, साखरपुडा ठरला आणि मला सजवायला चेतना आली. मराठी मंडळाच्या गणपतीतली जुनी ओळख. भिंती रंगवण्यावरच तिचं पोट. तिने दर आधीच सांगितला, तेव्हा सुमित्राताई हसून म्हणाल्या, "अगं, बघू ना. तू तर घरचीच!" चेतनाने माझ्यावर वेल चढवली, वेलीवर बुलबुल बसवले. मी मोहरून गेले.

काम संपलं. सुमित्राताईंनी खणानारळाने चेतनाची ओटी भरली, कुंकू लावलं. "पैसे देऊन तुला परकं नाही करणार," म्हणाल्या. चेतनाने ओढणीत नारळ घेतला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी माझ्यावरचा एक बुलबुल नाहीसा झाला. पोपडा पडला नाही, डाग उरला नाही. पंखांचा गार वारा तेवढा मला लागला. मग रोज एकेक जाऊ लागला. वेलही मुळापासून सुटत चालली. मी भिंत असूनही घाबरले.

साखरपुडा तोंडावर आला, तेव्हा सुमित्राताईंनी फोन लावला. "चेतना, रंग कच्चा होता का गं?"

"नाही ताई, बिल्कुल पक्का होता," पलीकडून आवाज आला. "सगळे पक्षी माझ्या खोलीत आलेत. मी ब्रशसुद्धा लावला नाही. मालक म्हणतो, दीवार खराब केली, आता किराया दे नाहीतर खोली खाली कर. किराया तुमच्या कामातूनच देणार होते."

सुमित्राताई म्हणाल्या, "चुकलं माझं, चेतना." परक्या कारागिराला दिला असता तो पुरा दर त्यांनी तिथल्या तिथे फोनवरून पाठवला.

संध्याकाळपर्यंत वेल परतली, बुलबुलही परतले. पाहुण्यांनी वाहवा केली. पण चेतनाने रंगवले तेव्हा बुलबुल एकमेकांकडे बघत होते. आता सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या आहेत. ओळखीचा सुतार असो की शिंपी, काम करून कुणी निघाला की सुमित्राताई आधी बुलबुलांकडे बघतात आणि घाईने पर्स उघडतात.

मित्रांनो, आपल्या माणसाला नारळ द्या, मान द्या, पण त्याच्या कष्टाचं मोलही द्या. रंगवलेले डोळे कधी मिटत नाहीत.