मेटची भाकर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी आणि जामसिंग इजिप्तमध्ये एकाच तुकडीत मजूर होतो. मी रनाळ्याचा, तो अक्कलकुव्याच्या पुढचा, डोंगरातला भिल्ल. तिथला एक ऑस्ट्रेलियन ड्रायव्हर आम्हा दोघांना ‘मेट’ म्हणायचा. मेट म्हणजे मित्र. आमच्या कारकुनाने सांगितलं, हा शब्द मुळात जेवणातून आलाय. एका अन्नाचा वाटेकरी, तो मेट. आम्ही एकाच थाळीत जेवायचो, त्यामुळे आम्हाला ते पटलं.

घरी आल्यावर मी हे माझ्या बायकोला, कौसाला सांगितलं. ती हसली.

“मंग तुमनी खरी मेट मीच. तुमना ताटमा तुमना मांगे रोज मीच जेवस.”

खरंच होतं. मी अर्धी भाकर ठेवून उठायचो, ती त्याच ताटावर बसायची. जामसिंग आला की त्याचं ताट मात्र ओट्यावर वेगळं. गावची रीतच तशी.

अठ्ठावन्न साली कौसा तापाने गेली. आमची एकुलती पोरगी तेव्हा लग्नाला आली होती. जामसिंग त्या दिवशी नंदुरबारच्या बाजारात होता. बातमी कळताच तसाच निघून आला. आम्ही तिला जाळून परतलो होतो. अशा दिवशी घरात चूल पेटत नाही, दुसऱ्याच्या घरचा कडू घास खायचा असतो. जामसिंगने फडकं सोडलं. त्याच्या बायकोने वाटेसाठी बांधून दिलेल्या भाकरी होत्या. मला तोच घास हवा होता. मेट म्हणावा असा आता तो एकटाच उरला होता.

चुलतभाऊ भटू दारात आडवा आला.

“भिल्लना हातनी भाकर? आम्ही मरी गयूत का? खाय तू. मंग पोरना लगीनले आमले बलावू नको.”

“नही बलावत,” मी म्हणालो. ताट घेऊन ओट्यावर गेलो. “बस, जामसिंग.”

तो बसला नाही.

“तुले याच गावमा ऱ्हानं शे, हिलाल. तुन्ही पोरले बी.”

“तठे इजिप्तमा तर एकच थाळीमा खावूत ना आपन?”

“तठे गाव नही व्हतं.”

त्याने भाकरी परत बांधल्या आणि तो गेला. भटूने पिठलं-भाकर आणली. पोरगी माझ्याकडे बघत होती. मी खाल्लं.

जामसिंग पुन्हा आला नाही. पोरगी सासरी गेली. मी आता एकटाच जेवतो. अर्धी भाकर झाली की हात थांबतो, मी उठतो. ताट तसंच राहतं. संध्याकाळी ती भाकर कुत्र्याला घालतो.