अकराची गोळी

सोमवारी सकाळी आबांची गोळी हातात घेऊन मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले आणि तेवढ्यात आमची बैठकीची खोली लांबली. आबांची खाट क्षितिजाजवळ जाऊन थांबली. आबा म्हणजे माझे वडील, निवृत्त सुभेदार भोईटे. त्यांना हृदयाची गोळी अकराच्या ठोक्याला लागते, नाहीतर दम कोंडतो. दहा वीस झाले होते.

सोफ्यापर्यंत जमीन होती, म्हणजे ती भूदलाची हद्द. पुढे पाणी लागत होतं. पाण्यापलीकडे फरशीच नव्हती, नुसती हवा.

सोफ्याजवळ एक कॅप्टन जीप घेऊन उभा होता. माझ्या डाव्या हातात पेला होता. उजव्यात गोळी अंगठ्याखाली दाबून मी आबांनी लहानपणी शिकवलेला सॅल्यूट केला, तळहात समोर. त्यानं परतवला, तेव्हाच माझा हात खाली आला. वरिष्ठानं परतवल्याशिवाय हात उतरत नाही, हा आमच्या घरचाही नियम आहे.

पाण्याशी नौदलाचे कॅप्टन होते. भूदलाच्या कॅप्टननं त्यांना आधी सॅल्यूट केला.

"दोघंही कॅप्टनच ना?" मी विचारलं.

"नाव एकच. ते आमच्या कर्नलच्या बरोबरीचे."

मीही सॅल्यूट केला. त्यांनी परतवला नाही. माझा हात कपाळाशीच राहिला.

"हा जमिनीवरचा हात आहे, ताई. आमच्याकडे तळवा खाली."

मी तळवा वळवला, तेव्हा त्यांनी परतवला. गोळी घसरता घसरता राहिली. दहा चाळीस झाले.

"तुम्ही सांगितलंत तर वायुदल ऐकेल ना?" बोटीत मी विचारलं.

"नाही. तिन्ही दलं शेजारी शेजारी असतात. कुणी कुणाच्या हाताखाली नाही."

वायुदलाच्या ग्रुप कॅप्टन बाई हेलिकॉप्टरपाशी वाट बघत होत्या. त्या आणि नौदलाचे कॅप्टन बरोबरीचे, त्यामुळे त्यांनी नुसते हात मिळवले. माझा तळवा त्यांनी स्वतःच थोडा तिरका करून दिला आणि मग सॅल्यूट परतवला. "चला, आम्ही सगळेच येतो," त्या म्हणाल्या.

मला भरून आलं. माझा सख्खा भाऊ गोळी संपली म्हटलं तर फोन उचलत नाही, आणि इथे एका गोळीसाठी तिन्ही दलं हलली होती. यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

अकराला एक मिनिट असताना आम्ही खाटेशी पोचलो. खाटेभोवती नुसती हवा होती, पेला टेकवायलाही जागा नव्हती. आबांचे ओठ निळे पडले होते. पण आनंदात आणि सवयीनं माझा हात गोळीसकट कपाळाला गेला, कारण सहाव्या वर्षापासून मी सॅल्यूट केल्याशिवाय त्यांच्यासमोर उभी राहिलेली नाही. माझ्यामागे तिघांनीही, सुभेदारापेक्षा हुद्द्यानं मोठे असून, सॅल्यूट केला, ज्यानं त्यानं आपापल्या पद्धतीनं.

"कुमे, गोळी दे की," आबा म्हणाले. त्यांनी उजवा हात पुढे केला, तळवा वर.

"आबा, आधी परतवा. हात उतरत नाही."

आबांनी आमच्या चार हातांकडे पाहिलं. त्यांचे डोळे अभिमानानं भरून आले. तळवा त्यांनी आणखी थोडा पुढे केला.