लिफ्टमधला खड्डा

लॅबवाल्याने मशीनमधून फिरवून काढलेली नळी उजेडात धरली आणि तोंड वाकडं केलं.

"कोणी घुसळली ही? रक्त फुटलंय, वरचं पाणी बघा कसं लाल झालंय. एन्झाइमचा आकडा उगाच चढेल. परत काढून आणा."

"मला काय वेड लागलंय घुसळायला?" आबांची लेक फणकारली. पण तो पुढच्या माणसाचा कागद घेऊन मोकळाही झाला होता.

वर वॉर्डात नर्सला शीर सापडेना. केमोने आबांच्या हातांची चाळण झाली होती. चौथ्यांदा टोचल्यावर रक्त आलं.

"हात दोनच आहेत, बाई," आबा म्हणाले. "चार असते तर तुमची सोय झाली असती."

नर्स हसली. लेक नाही हसली. मघाशी दोघं लॅबकडे उतरताना, लिफ्टमध्ये फाइल सावरायला तिने नळी आबांच्या हातात दिली होती. आणि काल आबांनी डॉक्टरांना एकदा सोडून दोनदा विचारलं होतं, "आकडा चढला तर केमो बंद ना?"

"चढला म्हणजे फुफ्फुसातली गाठ औषधाला जुमानत नाही. मग थांबवू," डॉक्टर म्हणाले होते.

तीस वर्षं बस चालवलेला माणूस. प्रवाशांच्या पोटातलं पाणी हलायचं नाही, अशी ख्याती.

"आबा, तुम्ही हलवलीत?"

आबा पायाने चप्पल चाचपत राहिले. "लिफ्टमध्ये खड्डा होता."

"मस्करी नकोय."

"मग रडू? पोटात पाणी ठरत नाही, पोरी. सोडव आता."

"आणि मी? मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस भिंतीकडे वळून झोपला. लेकीने नवी नळी आबांच्या तळहातावर ठेवली.

"घ्या. तुमचं रक्त, तुम्ही बघा."

लिफ्टमध्ये ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. मागे वळली नाही.

संध्याकाळी डॉक्टर खुशीत होते. "आकडा निम्म्यावर आलाय! छातीचा फोटोही बरा आहे. औषध लागू पडलं. आणखी चार डोस."

याच वाक्यासाठी लेक तीन महिने जीव टाकत होती.

आबा निळ्या डागांवरून बाही खाली ओढत होते.

"बघ," ते म्हणाले, "थेंब हलू दिला नाही."

लेकीने रिपोर्टची घडी घातली. मग अजून एक. अजून एक. कागद वाकेना, तरी ती दाबत राहिली.