उकिरड्यावरची बर्फी

नूतनने बर्फीला जुन्या पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि सिरिंजचं टोक तिच्या ओठांच्या कडेतून हळूच आत सरकवलं. समोरून घालायचं नाही, ठसका लागतो, असं जळगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. हिरवट पेज थेंबभर आत गेली. बर्फीने जबडा हलवला न हलवल्यासारखं केलं आणि अर्धीअधिक पेज हनुवटीवरून पंच्यावर आली.

“गिळ गं बाई,” नूतन म्हणाली. “माझ्यासाठी नको, तुझ्या मालकिणीसाठी गिळ.”

मालकीण दारात उभी होती. आठ वर्षांची मयुरी, एक पाय उंबऱ्यावर, हाताची घडी घातलेली. ती आत आली नाही.

बर्फी म्हणजे गिनीपिग. पांढरी-तपकिरी, ओंजळीत मावेल एवढी. असोदा गावात असलं जनावर कोणी पाळलेलं नव्हतं. गल्लीतली माणसं तिला खुशाल उंदीर म्हणत आणि मयुरी त्यांच्याशी भांडत बसे. मयुरीच्या आईने, रत्नाने, आजारपणातच लेकीला सोबत म्हणून ती जळगावहून आणली होती. पुढे रत्ना गेली. वर्षभराने जितेंद्रने दुसरं लग्न केलं आणि नूतन पाचोऱ्याहून या घरात आली. जितेंद्र केळीच्या गाड्या भरायच्या कामावर, आठ-आठ दिवस बाहेर. सासऱ्यांचं, आबांचं, सुनेशी पहिल्या दिवसापासून जमलं. मयुरीचं जमलं नाही. ती नूतनला कोणत्याच नावाने हाक मारत नसे. आई नाही, काकू नाही, काहीच नाही. पाणी हवं असलं तरी भिंतीशी बोलल्यासारखी बोलायची.

आता अशा पोरीच्या मनात शिरायचं तरी कुठून? नूतनला एकच वाट दिसली, ती बर्फीची. दारी आलेल्याच्या हातावर आधी केळं ठेवायचं आणि मग काय काम काढलं ते विचारायचं, ही या घराची रीत. नूतनने तीच बर्फीला लावली. रोज सकाळी पिकलं केळं कुस्करून तिच्यापुढे ठेवायचं. थोड्याच दिवसांत बर्फी नूतनची चाहूल लागली की शीळ घालू लागली, गवताकडे ढुंकूनही बघेना. मयुरी लांबून बघायची. एकदा तर हसलीही होती. त्या एका हसण्यावर नूतनने वर्षभर केळी चारली.

मग बर्फीची हनुवटी सतत ओली राहू लागली. घास उचलायची आणि टाकून द्यायची. नूतनने केळं आणखी बारीक कुस्करलं.

डॉक्टरांनी तिच्या तोंडात बारीक दिवा घालून पाहिलं. “हिचे दात जन्मभर वाढतात,” ते म्हणाले. “गवत चावून चावूनच झिजतात. मागच्या दाढा इतक्या वाढल्यात की जीभ खाली अडकलीय. खायला काय घालता?”

“केळी,” नूतन म्हणाली. वेडी, अभिमानानेच म्हणाली. “आमच्या बागेतली.”

डॉक्टर रागावले नाहीत. गुंगी देऊन त्यांनी दाढा घासल्या आणि समजावून सांगितलं, की आता हिने आपणहून चावायला लागलं पाहिजे. नुसतं हाताने भरवून फार काळ निघत नाही. मयुरी बाकावर बसून सगळं ऐकत होती. परतीच्या बसमध्ये ती टोपली पोटाशी धरून खिडकीपाशी बसली आणि गाव जवळ आल्यावर एवढंच बोलली,

“ही आईची होती.”

यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं नूतनला वाटलं.

तेव्हापासून नूतनचे दिवस कसे तरंगत चालले होते. भरवायचं, पुसायचं, ताजं गवत आणून पुढे टाकायचं, तसंच उचलायचं. बर्फी ते हुंगायची आणि तोंड फिरवायची. माघाची उन्हं मागच्या ओट्यावर येऊन पडत. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्यांतून पाणी झिरपत राही, आणि मांडीवरचा तो ऊबदार गोळा श्वास घेई, तशी नूतनचीही मान कलायची. अशाच एका दुपारी रत्ना आली. नूतनने तिला फोटोतच पाहिलेली. केळीच्या ओळींतून केस पुसत आली, ओट्याशी थांबली आणि तिने बर्फीच्या हनुवटीखाली बोट धरलं.

“मला माहीत नव्हतं हो,” नूतन म्हणाली.

“मला तरी कुठे होतं?” रत्ना म्हणाली आणि केस पुसत आल्या वाटेने निघून गेली.

नूतन दचकून जागी झाली. पंचा ओला झाला होता. तिने तो बदलला आणि पुन्हा पेज कालवायला घेतली.

त्या संध्याकाळी आबा खाटेवर बसून हा भरवण्याचा खटाटोप बघत होते. त्यांच्या स्वतःच्या तोंडात एक दात शिल्लक नव्हता. बर्फीने जबडा हलवला की त्यांचाही हलायचा.

“माह्यी माय असती ना,” आबा म्हणाले, “तं हिले उकिरड्यावर ठेवलं असतं.”

“फेकायला?” मयुरीचा आवाज चिरकला.

“फेकाले नही वं बाई. वाचवाले.” आबांनी पाय वर घेतले. “माह्या आधीची तीन पोरं गेली व्हती. मी झालो तं मायनं मले सुपात घातलं, उकिरड्यावर ठेवलं अन् पाठ फिरवली. जिचं पोरगं तिनं उचलाचं नही. शेजारची सोनामाय आली, तिनं उचललं. म्हने, हे तं मले सापडलं. मंग मरन आलं दारात, पाहे तं हे पोरगं या घरचं नहीच. गेलं माघारी. म्हनून माह्यं नाव उखर्डू.”

मयुरी खाटेजवळ सरकली. “मग तुम्ही कोणाचे झालात?”

“दोघींचा. एकीकडं जेवलो का दुसरीकडं जेवाले जाये.”

“आणि खऱ्या आईला राग नाही आला?”

“राग काहाचा?” आबा म्हणाले. “पोरगं जिवंत व्हतं ना.”

बराच वेळ मयुरी खाटेचा सुंभ नखाने उकलत बसली. नूतनने सिरिंज धुतली, बर्फीला टोपलीत ठेवलं आणि भाकरी टाकायला उठली.

सकाळी पाहिलं तर टोपली रिकामी. न्हाणीघरात नाही, ओट्यावर नाही. ती तशीच पदर खोचून घरामागे धावली. बागेवर धुकं उतरलं होतं, केळीची पानं नुसती सावल्यांसारखी दिसत होती. गोठ्यापलीकडे उकिरड्यातून वाफ निघत होती, आणि त्या वाफेत मयुरी शाळेच्या गणवेशात उभी होती. तिच्या पायाशी उकिरड्यावर सूप आणि सुपात बर्फी.

“थंडी आहे, मयुरी. चल आत.”

“तिला उचलायचंय,” मयुरी म्हणाली. “मी उचलून चालत नाही. मी तिची आहे.”

अगं, असं काही नसतं, हे नूतनच्या ओठांवर आलं होतं. ते तिने तिथेच गिळलं. ती वाकली, दोन्ही हातांनी बर्फीला उचललं आणि छातीशी धरलं.

“ही मला सापडली,” ती मोठ्याने म्हणाली. मयुरी सोडली तर ऐकायला धुक्याशिवाय कोणी नव्हतं.

हातातून बारीकशी करकर ऐकू आली. बर्फीच्या तोंडात कडब्याचं वाळकं पातं होतं. उकिरड्यावरचंच उचललेलं असणार. जबडा आडवा हलत होता, थांबत होता, पातं सुटत होतं आणि ती ते पुन्हा धरत होती.

“मयुरी, बघ गं, चावतेय ती.”

मयुरी बघायला आली नाही. नूतनने वळून पाहिलं. मयुरीने सूप बाजूला सारलं होतं आणि सूप होतं त्याच जागी ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तोंड बागेकडे.

“ऊठ, गणवेश घाण होईल.”

मयुरी उठली नाही. तिने मानही वळवली नाही.

आबा गोठ्याच्या दारात कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. त्यांनी हात पुढे केले. नूतनने बर्फी त्यांच्या ओंजळीत दिली आणि ती उकिरड्यावर चढली. आठ वर्षांची पोर, उचलायला सोपी नव्हती. तिचे पाय नूतनच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते आणि शेणाने दोघींचे कपडे भरले होते. नूतनने तिला घर येईपर्यंत खाली ठेवलं नाही.