काळ्या रानातले फुटवे

चैत्र सरता सरता ऊन पांढरे झाले. पिवळे ऊन त्या रानाने पाहिले होते, केशरी पाहिले होते. हे ऊन भाजलेल्या चुनखडीच्या रंगाचे होते. ते आभाळातून उतरत नव्हते, जमिनीतून वर येत होते.

मंगळवेढ्याच्या बाजूचे ते काळे रान. क्षितिजापर्यंत सपाट, क्षितिजापर्यंत उघडे. भेगा अशा, की हात घातला तर कोपरापर्यंत आत जावा. भेगांच्या काठाशी वाऱ्याने आणून ठेवलेली मऊ धूळ, आणि त्या धुळीवर होला पाखराच्या पावलांची नाजूक नक्षी. होला पाण्यासाठी ओढ्यापर्यंत चालत गेला होता आणि तसाच चालत परत आला होता.

बयाक्काच्या दावणीला एकच जनावर उरले होते. कोशी. खिलार गाय, पांढऱ्यावर राखेची हलकी फुंकर मारावी तशा कोसा रंगाची, काजळरेखल्या डोळ्यांची, उंच उभ्या शिंगांची. पोटात सात महिन्यांचे वासरू. बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या वर आल्या होत्या, पण पोट गोल होते. जणू सारे शरीर आटत आटत त्या एका जागी जमा झाले होते.

कडब्याची गंज जिथे रचली जायची, तिथे जमिनीवर तिचा फिकट ठसा तेवढा राहिला होता. त्या ठशाच्या मधोमध अकरा पेंढ्या. मुलगा परसू सडकेच्या कामावर खडी फोडायला गेला होता. जाताना उंबऱ्यात थांबून, मान वळवून म्हणाला होता, "आये, वैरण सरली की कोशीला बाजारला धाड. उपाशी मारायचं पाप नगं आपल्याला."

त्या वर्षी बाजारात भाकड नि गाभण, सगळ्या गायी कोण घेत होते, हे लहानथोरांना ठाऊक होते. बयाक्काने कोशीच्या दाव्याची गाठ सोडली आणि पुन्हा, अधिक घट्ट, बांधली.

आमच्या त्या भागात ज्वारी कापत नसत, उपटत असत. माघाच्या कोवळ्या उन्हात माणसे ओळीने वाकायची, दोन्ही हातांत ताटे धरायची, छातीतून एक हुंकार काढायची, आणि काळी जमीन मुळे सोडून द्यायची. मुळांचे ढेकूळ पायावर आपटले की कसा भरदार आवाज यायचा! अजून कानांत आहे. दिवसभर साऱ्या शिवारात तोच आवाज, धप् धप्, धप् धप्, जणू रान स्वतःशीच टाळ्या देत आहे.

पण त्या साली जमिनीने मुळे सोडली नाहीत. पाऊस हस्तातच पाठ फिरवून गेला होता. ज्वारी गुडघ्यावर येऊन थांबली, कणसे करंगळीएवढी आली, आणि माती दगड झाली. माणसांनी ओढून पाहिले, तळवे सोलून घेतले, आणि अखेर विळे काढले. रान कापले गेले. धसकटे मागे राहिली, काळ्या जमिनीत रोवलेली, जिवंत मुळांची, वाट पाहणारी.

मग चैत्रात एका दुपारी एक ढग चुकून आला. एक भाकरी भाजून होईपर्यंत शिंतडला आणि निघून गेला. धूळ बसली, इतकेच. त्यानंतर आठवड्याने बयाक्काची सून चतुरा शेणी वेचायला रानात गेली आणि टोपली टाकून धावत आली.

"आत्याबाई! रान हिरवं झालंय!"

खरेच हिरवे झाले होते. प्रत्येक धसकटाच्या कुशीतून दोन दोन, तीन तीन फुटवे उठले होते. वीतभर, टोकदार, चकचकीत. त्या राखाडी, करड्या, मातकट जगात तो हिरवा इतका एकटा होता, इतका तेजाळ होता, की डोळ्यांना तो रंग वाटेना, हाक वाटली. दावणीची उपाशी गुरे त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. सारा गाव बांधावर जमला. बऱ्याच दिवसांनी माणसे हसली.

सगळ्यांत मोठ्याने हसला म्हाळाप्पा. बयाक्काच्या बांधाला बांध लागलेला, आडदांड, तोंडाळ, मनाचा मऊ. त्याची गुंजी नावाची कालवड साऱ्या गावाच्या लाडाची.

"अक्का, बघितलंस? देवानं पंगत वाढलीया. उद्या सकाळी समदी जनावरं मोकळी सोडायची."

बयाक्का बांधावर टेकली. एक फुटवा तिने खुडला, नखाने चिरला, नाकाशी नेला. तिचा चेहरा बदलला.

"सोडू नगा," ती म्हणाली. "किराळ लागंल."

तो शब्द तिथल्या कुणालाच नीट ठाऊक नव्हता. कसा असणार? जिथे ज्वारी मुळासकट उपटतात, तिथे धसकट राहत नाही; धसकट राहत नाही, तिथे फुटवा येत नाही. किराळ माणसांच्या बोलण्यातूनच गेली होती.

"किराळ म्हंजी काय, आत्याबाई?"

"इख. पाण्यावाचून खुरटलेल्या कवळ्या ज्वारीत उतरतं. जनावर चवीनं खातं, घटकाभरात थरथरतं, आन् पडतं. माझ्या बाचा बैल असाच गेला. मी नऊ वर्साची हुते. तवाबी रान कापलं हुतं, असंच, जमीन सोडंना म्हणून."

म्हाळाप्पाने कपाळाला हात लावला. "साठ वर्सांमागचा बैल! अक्का, आता तुला कोथिंबिरीतबी साप दिसाय लागलाय."

लोक हसले. पण हसता हसता काहीजणांनी आपापल्या गुरांची दावी हातात घट्ट धरली. दुसऱ्या दिवशी पहाटे बयाक्का काठी घेऊन बांधावर बसली. कुणी जनावर सोडले नाही. म्हातारीला ओलांडून जायचे कसे, हा भिडेचा प्रश्न होता, विश्वासाचा नव्हता.

भीड दुपारपर्यंत पुरली.

गुंजी हंबरत होती. सकाळपासून, एकसुरी, कोरड्या घशाने. म्हाळाप्पाला ते ऐकवेना. थोडेच, चार घासच, असे स्वतःला सांगत त्याने तिला आपल्या रानाच्या पल्याडच्या कोपऱ्यात नेले आणि दावे सैल केले. गुंजीने चार घासांवर भागवले नाही. इतक्या महिन्यांनी ओठांना ओला, गोड, करकरीत पाला लागला होता.

त्याची हाक ऐकून बायामाणसे धावली तेव्हा गुंजी अजून उभी होती. मग पुढचे पाय फाकले. मग अंगावरून एक लहर गेली, तळ्यावरून वारा जावा तशी. मग ती पडली. बयाक्काने घरातला होता नव्हता तेवढा गूळ पाण्यात कालवून आणला. म्हाळाप्पाने गुंजीचे तोंड वर धरले, चतुराने तांब्या लावला. गुळाचे पाणी जिभेवरून तसेच जमिनीवर ओघळले, आणि काळ्या भेगेने ते पिऊन टाकले.

पांढऱ्या उन्हात ती लालसर कालवड निजली. तिच्या दातांत अजून एक हिरवी पात होती.

म्हाळाप्पा रडला नाही. तो उठला, घरी गेला, चुलीतले निखारे पाटीत भरून आला.

"जाळतो. समदं रान पेटवून देतो. माझंबी, तुझंबी."

बयाक्का वाटेत उभी राहिली. पैलवानासारखा तो गडी आणि वाळक्या शेंगेसारखी ती बाई. तिने त्याच्या हाताला हात लावला नाही, पाटीला लावला.

"जाळू नगंस, म्हाळाप्पा. कापू. वाळवू. ह्यातलं इख उन्हानं उडतं. माझ्या बानं बैल गेल्यावर तेच केलं. उरलेली जनावरं त्याच्यावर जगली."

"पुन्हा तुझा बा!" त्याचा आवाज फाटला. "माझी गुंजी ततं पडलीया, आन् तू वैरण म्हणतीस त्येला?"

"म्हणती."

"मग तुझ्या कोशीला घाल आधी! पोटुशी हाय ना ती? तिला घाल!"

कुणीतरी "आरं, आरं" म्हणाले. बयाक्काने मागे दावणीकडे पाहिले नाही. पाहिले असते तर कदाचित शब्द फुटला नसता.

"तिलाच घालणार हाय," ती म्हणाली. "समद्यांच्या देखत."

म्हाळाप्पाच्या हातातली पाटी हळूहळू खाली आली.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटायच्या आधी सासू-सून रानात उतरल्या. वाकल्या आणि कापू लागल्या. पाणी नसलेल्या वर्षात शेतकऱ्याच्या बायकांनी हिरवे कापून काढावे, यासारखे विपरीत काही नाही. विळ्यालाही ते कळत असावे, तो अडखळत होता. ऊन चढले. मान भाजली, पाठ भाजली, विळ्याची मूठ धरवेना. दोघी पदर डोक्यावर ओढून कापत राहिल्या. कापणीच्या दुसऱ्या दिवशी तीन बाया आल्या. तिसऱ्या दिवशी नऊ.

मळणीचे खळे यंदा ओसच पडले होते. तिथे बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले आणि आत तो हिरवा ढीग पातळ, पातळ, हातभर रुंद पट्ट्यांत पसरला. आणि वर ऊन. ज्याने ओढा आटवला, विहीर आटवली, ज्वारीचा चीक आटवला, गायीचे दूध आटवले, तेच ऊन. बयाक्काने कपाळावर हात धरून वर पाहिले. साऱ्या गावाने त्याला शिव्या घातल्या होत्या. ती मात्र म्हणाली, "आता काम कर की, मेल्या! फुकट का तापतोस?"

चतुराला हसू आले. मग ते हसू खळ्यात या बाईकडून त्या बाईकडे गेले.

रोज दोनदा पेंढा उलथायचा. वरचे खाली, खालचे वर. पहिल्या दिवशी तो मलूल झाला, दुसऱ्या दिवशी पोपटी. तिसऱ्या दिवशी पिवळसर झाला आणि त्याला गोड, धुंद, जिवावर उठलेला वास सुटला. काट्यांपलीकडे गुरे नाकपुड्या फुलवून उभी राहिली. बयाक्का तिथून हलली नाही. कोशी तिच्याकडे पाहायची, ती कोशीकडे. कडब्याच्या पेंढ्या आता पाच. मग चार.

आठवण तिला दगा देत होती. बाने आठ दिवस वाळवले होते, की नऊ? नऊ वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांत बाचे पाय होते, भेगाळलेल्या टाचा होत्या, पेंढा उलथणारी दातेरी काठी होती. दिवसांचा आकडा नव्हता. आकडा पोरी कुठे धरून ठेवतात? मात्र एक आवाज तिने धरून ठेवला होता. बा एक ताट उचलायचा, दोन्ही हातांनी वाकवायचा, आणि मान हलवून परत टाकायचा. मग एके दिवशी त्याने वाकवले, आणि ते वाजले होते.

आठव्या दिवशी बयाक्काने ताट वाकवले. ते लवले. मोडले नाही.

"झालंय की, आत्याबाई," चतुरा काकुळतीने म्हणाली. "तीनच पेंढ्या ऱ्हायल्यात."

"न्हाय झालं."

नवव्या दिवशीही ते लवले, बुंध्याशी किंचित, केसाएवढे. तिने परत टाकले. दहाव्या दिवशी, ऊन माथ्यावर असताना, तिने ताट वाकवले.

कडाड.

सुकी, स्वच्छ, कोरडी मोड. तिने दुसरे मोडले, तिसरे मोडले. पातीचा मुठीत चुरा केला. तो वाऱ्यावर भुसासारखा उडाला. रंग आता फिकट, कडब्यासारखा, सोन्याची धग निवल्यासारखा होता. वास नुसता गवताचा होता.

गाव खळ्यावर आला. म्हाळाप्पाही आला, मागे, बाभळीला खांदा टेकून उभा राहिला. कोशीला आणले तेव्हा बयाक्काचा हात तिच्या पोटावर होता; आत एक खूर सरकला, तळव्याला लागला. त्या एका क्षणी तिचा चेहरा साऱ्यांनी पाहिला आणि साऱ्यांनी नजर वळवली.

तिने ओंजळ भरली. कोशीने हुंगले. पांढऱ्या पापण्या मिटल्या, उघडल्या. मग खरखरीत जीभ बाहेर आली, आणि ओंजळ रिकामी झाली.

एक ओंजळ. मग थांबणे. मग दुसरी. मग पुन्हा थांबणे. लोक सावलीला गेले नाहीत. बयाक्का कोशीच्या पुढच्या पायांशी बसली होती, त्या पायांकडे बघत. ते फाकतात का, कापतात का. सावली पायाखालून निघून हातभर झाली, दोन हात झाली, लांबली, तांबूस झाली. पाय हलले नाहीत.

अचानक कोशीने पुढचे गुडघे टेकले. म्हाळाप्पा बाभळीपासून सुटून पुढे धावला, बयाक्काच्या शेजारी मातीतच बसला, आणि त्याचा मोठा हात गायीच्या मानेवर पडला.

गाय नीट बसली. मागचे पाय पोटाखाली घेतले. एक दीर्घ उसासा टाकला. गळ्यातून एक गोळा हळूच वर आला, हाताखालून सरकत गेला, तो म्हाळाप्पाला कळला.

"अक्का," तो कसाबसा म्हणाला, "रवंथ करतीया."

मावळते ऊन खळ्यावर आडवे पडले होते. काट्यांपलीकडे उपाशी गुरे उभी होती. गाव उभा होता. आणि त्या साऱ्यांच्या मधोमध, अर्धे डोळे मिटून, कोसा गाय चघळत होती. जबडा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, सावकाश, सावकाश, घाई नसल्यासारखा.