मागच्या दारचा दिवा

शहापुरात राहून तारे बघायचे म्हणजे भरबाजारात बसून जप करायचा. एकीकडे हायवे, दुसरीकडे गोदामांचे दिवे, वर ढाब्यांची रोषणाई. आभाळ रात्रभर आपलं गढूळ केशरी. पण हौसेला मोल नसतं. मिताली हट्टालाच पेटली होती. डोंगरावर उगवणारं मृग नक्षत्र तिला टिपायचं होतं, तेही आपल्याच घराच्या गच्चीवरून.

हायवे काही तिच्या सांगण्याने विझणार नव्हता. मग सगळा जोर घरच्या दिव्यावर! मागच्या दारी हॅलोजन होता. तो लागला की फोटो पांढराफटक. म्हणून रोज जेवणं आटोपली की ती गच्चीवरून ओरडायची, "आई, दिवा लावू नको!" आणि कमळाबाई, बिचारी, पोरीच्या हौसेपायी बादली घेऊन अंधारात चाचपडत बकऱ्यांच्या गोठ्याकडे जायची.

त्या दिवशीही ट्रायपॉडवरचा कॅमेरा आपला आपण फोटोमागून फोटो काढत होता. हायवेवरून एक ट्रक ढाब्याकडे वळला आणि त्याचा झोत परसातून फिरला. "गेला हाही फोटो," म्हणत मितालीने चिडून तो उघडून पाहिला. उजेडात मृग पार पुसला गेला होता. पण खाली, गोठ्याच्या भिंतीवर, दोन हिरवट ठिपके चमकत होते.

मांजर असेल. तिने फोटो मोठा केला. मांजराच्या डोळ्यांत एवढं अंतर नसतं. ठिपक्यांमागे लांबलचक पाठ होती, भिंतीवरून शेपटी लोंबत होती. गेल्याच महिन्यात बिबट्याने पलीकडच्या पाड्यावरून कुत्रा उचलला होता. मितालीच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात खाली दाराची कडी वाजली.

"आई!"

"नाय लावत गो," अंधारातून कमळाबाई म्हणाली. "काढ तुझं फोटो."

"आई, थांब! आई!"

"अगो, नाय लावत म्हटलं ना! किती वरडशील?"

चपला गोठ्याच्या दिशेने वाजतच होत्या. रोजच्या ओरडण्याने आईला एकच अर्थ शिकवून ठेवला होता. बिबट्याचं नाव मितालीच्या तोंडातून फुटेना. जिवाच्या आकांताने ती किंचाळली, "दिवा लाव! मागे फिर, दिवा लाव!"

चपला थांबल्या. "येड लागलंय काय हिला," असं पुटपुटत कमळाबाई परत फिरली. बटण खटकलं.

बिबट्या गोठ्याच्या भिंतीवर, दाराच्या अगदी वरच बसला होता. कमळाबाई रोज वाकून आत शिरायची, तिथेच. उजेडात त्याने डोळे बारीक केले, मान वळवली आणि पलीकडे उडी टाकली. बादली खाली पडली.

मिताली जिने उतरत धावली. आई उंबऱ्यातच बसली होती. मितालीने तिला घट्ट मिठी मारली. मृगापायी आपण रोज हिला कुठे धाडत होतो, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

कमळाबाईचा हात तिच्या पाठीवरून फिरला.

"तुझा फोटो नासला ना गो?" तिने विचारलं.